दुसऱ्या मजल्यावर न गेलेली पेटी

डोंबिवलीचा फ्लॅट घेतला तेव्हा मी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली होती. आता आठवलं तरी कान गरम होतात. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे, आमचं राहतं घर होतंच. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाले, तेव्हा मिळालेले सगळे पैसे घालून हे दुसरं घर घेतलं, भाड्यानं द्यायला. आणि माइक हातात धरून मंडळीला सांगितलं की हे घर परमेश्वराचं आहे, आम्ही नुसते राखणदार. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढं कशाला बोलायचं?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो. देवाचं नाव घ्यायचीही लाज तुम्हाला." मोठी आले मी राखणदार!

भाडेकरूही चर्चमधलाच बघितला. आपला माणूस, घर नीट ठेवेल, हा हिशेब. पन्नाशीचा गृहस्थ, कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलेला, एमआयडीसीत फोरमन, अगदी कमी बोलणारा. त्याची बायको संडे स्कूलमध्ये शिकवायची आणि नवऱ्याच्या वाटणीचंही तीच बोलून टाकायची. मूलबाळ नव्हतं. मी त्याला भाऊ म्हणायचे, ती दोघं मला ताई. दर अकरा महिन्यांनी करार नवा करायला आम्ही गेलो की ती मटण करायची, जेवायला वाढायची, आणि पहिला घास घेण्याआधी प्रार्थना करायची. त्यात घरमालकांसाठी आशीर्वाद हमखास मागायची. मी डोळे मिटून छान ऐकून घ्यायचे.

चौथ्या वर्षी तिच्या पोटात कॅन्सर निघाला. ठाण्यातल्याच हॉस्पिटलात होती, म्हणून डबा मी न्यायचे. हे मात्र मनापासून केलं, त्यात खोट नव्हती. शेवटी शेवटी ती नुसतं पाणी घ्यायची, तरी मी पेज घेऊन जायचेच. एक दिवस तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, मला घरी जायचंय. आता जिवंतपणी काही जमत नाही. पण गेल्यावर एकदा न्याल ना, त्या हॉलमध्ये?"

आमच्यात तसंच असतं. माणूस कुठेही जावो, पेटी आधी घरी आणतात, हॉलमध्ये ठेवतात, शेजारीपाजारी तोंड बघून घेतात, पाळक घरची प्रार्थना करतात. मग चर्च, मग दफन. मी म्हटलं, "अगं वेडे, हे काय विचारणं झालं? तुझंच घर आहे ते." याच तोंडानं म्हटलं.

करार संपायला महिना राहिला होता, म्हणून त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला. मी बोलता बोलता त्याला सांगितलं की बाईचं काही खरं नाही, आणि तिला घरी आणायचं चाललंय. तो म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण बॉडी वर नेऊ देऊ नका. हॉस्पिटलमध्ये गेलेलं माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. हॉलमध्ये पेटी ठेवली, रडारड झाली, की बिल्डिंगभर होतं. पुढची पार्टी जिन्यातूनच परत जाते. माझ्याकडे असा एक फ्लॅट दीड वर्ष पडून आहे."

त्याला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उभं राहून गाणी म्हणणारी माणसं आम्ही, आम्हाला मेलेल्यांची कसली भीती? पण मी म्हणाले, "खरंय रे बाबा तुझं." रात्री जेवताना, सकाळी भाजी निवडताना, डोक्यात तेच. दीड वर्ष रिकामा.

दोन दिवसांनी दुपारी भाऊचा फोन आला. "ताई, ती गेली. उद्या सकाळी नऊला तिला घरी आणतोय. पाळकांशी बोललोय."

मी म्हटलं, "भाऊ, सोसायटी परवानगी देत नाही हो. मी विचारून बघितलं."

मी कुणालाही विचारलं नव्हतं. कुणाला म्हणजे कुणालाही नाही. पलीकडून तो म्हणाला, "बरं. मग खाली कंपाउंडमध्ये गाडी थांबवू, पाच-दहा मिनिटं. तेवढं चालेल ना त्यांना?" मी म्हटलं, चालेल. नवरा समोरच बसला होता. त्यानं हातातला पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेला. मला उलटा त्याचाच राग आला.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गाडी आली होती. मागचं दार उघडं होतं आणि पेटी आतच होती. लोक पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे जागा करून उभे होते. गीत सुरू झालं, पण उघड्यावर आवाज धरेना, आणि बाजूच्या पिठाच्या गिरणीची घरघर चालूच. तिच्या वर्गातल्या मुली आयांना चिकटून उभ्या होत्या. शेजारच्या बायका गाडीच्या पायरीवर चढून, वाकून तिचं तोंड बघत होत्या. एकीचा पदर दाराच्या कडीत अडकला. शी! माझ्या मैत्रिणीला आम्ही टेम्पोतल्या सामानासारखं बघत होतो.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. बिल्डिंग उभी आहे ती जमीन मुळात त्यांच्या आजोबांची भातशेती, त्यामुळे बिल्डिंगमध्ये शब्द त्यांचाच. त्यांनी चपला बाजूला काढल्या, पेटीला हात जोडले आणि भाऊला विचारलं, "अरं, बाईला वर कनाला नाय नेली?"

भाऊ म्हणाला, "सोसायटीची परवानगी नाही म्हणून सांगितलं."

"कोन बोल्ला? सेक्रेटरी मी हाय. मना कोनी इचारलाच नाय." आणि मग हात करून, "जिना रुंद हाय. चौघं जना आपून उचलू. चला."

भाऊनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाळकांनी बघितलं. नवऱ्यानं मात्र नाही बघितलं, त्याला माहीतच होतं. अजून वेळ होता. 'न्या' एवढं म्हणायचं होतं मला, एकच अक्षर. चार माणसं पुढे झालीसुद्धा होती. आणि मी, अरे देवा, मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. खाली बघून शोधतच राहिले. रुमाल हातात लागला होता, तरी शोधत राहिले.

शेवटी भाऊच म्हणाला, "राहू दे. चर्चला उशीर होईल." गाडीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर दर रविवारी चर्चमध्ये तो नेहमीसारखा हात मिळवायचा. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. महिना भरला तेव्हा म्हणाला, करार नवा करायचा नाही, कल्याणला बहिणीकडे जातोय. चावी घ्यायला मी एकटीच गेले. घर पुसून लख्ख ठेवलं होतं. हॉल रिकामा होता.

चावी देताना तो म्हणाला, "ताई, नको म्हणाला असतात तरी मी ऐकलं असतं. सोसायटीचं नाव कशाला घेतलंत?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "भीती वाटली हो भाऊ. पुढे भाडेकरू मिळणार नाही, अशी भीती घातली होती मला."

त्याला ते खरंच कळलं नाही. कपाळाला आठ्या घालून त्यानं थोडा विचार केला, आणि मग अगदी साधेपणानं म्हणाला, "पण भाडेकरू तर मी होतोच की. मी कुठे जाणार होतो?"