फॉर्मवरचे पोहे

दादाला निवासगृहात ठेवायला गेले त्या दिवशी मी तिथल्या संडासाचा वास घेतला. अक्षरशः. दार उघडून आत डोकं घातलं आणि नाकाने तपासणी केली. मग खाटांवरच्या गाद्या उचलून पाहिल्या, औषधांचं कपाट उघडायला लावलं, स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या पिंपात हात घातला. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या बाईची ही खोड जायची नाही. तिथल्या अधीक्षक बाई माझ्यामागून निमूट फिरत होत्या. अशा बहिणी त्यांनी बऱ्याच पाहिल्या असाव्यात.

जागा चांगली होती. शहापूरच्या पुढे हायवे सोडून आत, धानाच्या बांध्यांना लागून. मानसिक आजार असलेली वीसेक माणसं तिथे राहायची. सगळं स्वच्छ, आरडाओरडा नाही, डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. माझ्याकडे दुसरा उपायही नव्हता. दादाच्या कानात माणसं बोलायची, ऐन तरुणपणापासून. गोळी वेळेवर पोटात गेली की ती माणसं हळू बोलत. गोळी चुकली की ओरडत. आमच्या गावी, कोंढ्याला होता तोवर मायने त्याची एक गोळी चुकू दिली नाही. ती गेल्यावर मी त्याला पवनीला माझ्या घरी आणलं, आणि मला ते चार महिनेही जमलं नाही. मी शाळेत गेले की तो निघायचा आणि नदीच्या काठाकाठाने चालत सुटायचा.

ऑफिसात एक लांबलचक फॉर्म होता. कशाची भीती वाटते, राग कधी येतो, झोप कशी. एक रकाना होता, सकाळी काय खातात. मी वळणदार अक्षरात लिहिलं : पोहे, कधी उपमा. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

खरं तर दादाने जन्मात पोहे आवडीने खाल्ले नव्हते.

कोंढ्याच्या घरी माय संध्याकाळी मुद्दाम दोन मुठी तांदूळ जास्त शिजवायची. उरलेल्या भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ओतून ती तो चुलीपासून दूर, भिंतीच्या गारव्याला ठेवून द्यायची. सकाळी त्याला किंचित आंबूस वास सुटलेला असायचा. त्या वासाने मला अजून आमचं अख्खं अंगण आठवतं, शेणाने सारवलेलं, अर्धं उन्हात आणि अर्धं सावलीत. वर मीठ, एक हिरवी मिरची आणि दादाने बुक्कीने फोडलेला कांदा. मला कधीच एका बुक्कीत कांदा फुटला नाही. मी तीन-तीन मारायची आणि तो हसायचा. वाटी तोंडाला लावून आधी पाणी प्यायचं आणि मग भात खायचा, असा त्याचा नेम होता. मी उलटं केलं की तो हळहळायचा, जणू मी काही मोठं नुकसान केलं. एवढं खाऊन तो बांधीत जायचा आणि दुपार टळेपर्यंत भुकेचं नाव काढत नसे. तेव्हा तो धडधाकट होता, त्याच्या डोक्यात फक्त त्याचाच आवाज होता. त्या सकाळी मला परत मिळाल्या तर मी पेन्शन सोडून देईन.

पण तेव्हा मला त्या वाटीची लाज वाटायची. गावातल्या दुकानदाराच्या दोन मुली मला शाळेत न्यायला यायच्या. त्यांच्या घरी पोहे व्हायचे, वर शेंगदाणे असलेले. त्यांचा आवाज आला की मी वाटी पदराआड लपवावी तशी फ्रॉकआड लपवायची. दादाने हे ओळखलं. पोरींचा आवाज आला की उठून दार लोटायचा आणि बाहेर सांगायचा, "थांबा वं पोरीहो, पोहे खाऊन राहिली. येते आता." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायचा, "खा सावकाश. दार लावलं."

म्हणजे फॉर्मवरचं खोटंही मी त्याच्याकडूनच शिकले होते.

दीड महिन्याने अधीक्षक बाईंचा फोन आला. दादा सकाळची ताटली सरकवून देतो. उपाशी पोटी गोळी दिली तर उलटी होते, न दिली तर दिवसभर कानातली माणसं ओरडतात. वजन उतरलंय. आणि आणखी एक लक्षण दिसू लागलंय : संध्याकाळच्या जेवणातला भात तो वाटीत काढतो, त्यात पाणी ओततो आणि खाटेखाली लपवतो. दोनदा त्यांनी ते फेकलं. दुसऱ्या वेळी त्याने मदतनिसाला ढकललं. डॉक्टर गोळ्यांचं प्रमाण वाढवायचं म्हणतात, आणि तरीही खाणं सुरू झालं नाही तर नागपूरला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल.

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. पवनी ते शहापूर या एवढ्याशा बदलाने जो असा कोसळला, तो नागपूरच्या गर्दीत पुन्हा उभा राहणार नाही, याची मला खात्री होती. आणि भीती वाटते तेव्हा मला जे करायला जमतं ते मी करते, म्हणजे ओरडते. दुसऱ्या दिवशी तिथे पोचून मी सगळ्यांना फैलावर घेतलं. माणूस तुमच्या डोळ्यांसमोर वाळतोय आणि तुम्ही नुसत्या नोंदी करता, असं बरंच काही बोलले. अधीक्षक बाईंनी ऐकून घेतलं.

स्वयंपाक करणारी मावशी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, तुमचे भाऊ घरी सकाळी काय खात होते?"

"फॉर्मवर लिहिलंय," मी म्हणाले.

"ते वाचलं जी. रोज पोहेच देऊन राहिलो त्यायले. म्हणून तर विचारून राहिली. माहा बाप असाच भातात पाणी टाकून ठेवत होता."

मी जमिनीकडे पाहिलं. वर्गात खोटं पकडलेली पोरं जिथे पाहतात तिथेच.

"शिळा भात," मी म्हणाले. "रोज. लहानपणापासून."

"मग लिहिलं का नाही?" अधीक्षक बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. दीड महिना दादा आपल्या हाताने आपली न्याहारी लावत होता आणि ती आजाराचं लक्षण म्हणून वहीत उतरत होती, माझ्या वळणदार अक्षराच्या भरवशावर. मी संडास हुंगले, तांदूळ चाळले, आणि सांगायची एकच गोष्ट होती ती गिळून बसले. मला माझी किळस आली.

अडचण होतीच. शिळं अन्न द्यायचं नाही असा नियम भिंतीवर लावलेला होता. पण अधीक्षक बाईंनी त्याकडे बोट दाखवून हात झटकले नाहीत, त्या डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टरांनी गोळ्या वाढवणं आठवडाभर थांबवलं आणि सांगितलं, भात वाढायच्या आधी वेगळा काढा, उकळून गार केलेलं पाणी घाला, झाकून ठेवा, रोज मावशीने स्वतः पाहून द्यायचा. वहीत काय लिहायचं यावर अधीक्षक बाई अडल्या. "भिजवलेला भात लिहू का?" मी फॉर्म मागून घेतला, पोह्यांवर रेघ मारली आणि लिहिलं : शिळा भात.

पहिल्या सकाळी त्याने वाटी चाटून ठेवली, असं मावशीने फोनवर सांगितलं. आठवड्यात गोळी पोटात टिकायला लागली. नागपूरचं नाव निघायचं थांबलं.

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळीच गेले. रविवारी नातेवाईक भेटायला येतात. दादा वाळला होता, पण त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मावशीने त्याच्या खोलीत दोन वाट्या आणून ठेवल्या. दादाने दोन कांदे फोडले, एकेका बुक्कीत. मी पहिला घास घेणार तोच व्हरांड्यात बायकांचे आवाज आले, आणि त्यातली एक माझ्या ओळखीची निघाली. तिची दोन्ही पोरं माझ्या वर्गात होती. "मॅडम इथं कशा?" तिने बाहेरूनच विचारलं.

दादाने वाटी खाली ठेवली. भिंतीला धरत, पाय ओढत दारापर्यंत गेला आणि दार लोटलं. "थांबा जरा," तो बाहेर म्हणाला, "पोहे खाऊन राहिली." मग माझ्याकडे वळला. "खा सावकाश. दार लावलं."

मी वाटी खाली ठेवली. मग उठले आणि दार सताड उघडलं. वाटी घेऊन उंबऱ्याशीच बसले, व्हरांड्यातून दिसेल अशी.

"लोकं पाहतीन वं बाई," दादा काळजीने म्हणाला.

"पाहू दे," मी म्हणाले, आणि वाटी तोंडाला लावून आधी पाणी प्याले.