टाचेचा खिळा

माझी मावशी माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, टाचांवरून ओळखते. तिच्या वडिलांचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आज सत्तरी उलटली तरी तीच चालवते. गिऱ्हाईक दारात आलं की वर न बघताच म्हणणार, “डावी टाच झिजवता. कंबर दुखत असेल.” तोंड असं की लोक तिला टरकून असतात, आणि काम असं की तरीही परत येतात.

त्या तोंडाचा मोठा वाटा काकांसाठी राखून ठेवलेला होता. काका म्हणजे तिचा नवरा. ते एका बिग बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं ते पितळी वाद्य, वाजवायचे. वीसेक वादक, सगळे एकसारख्या कोटात, आणि लोकांना खुर्चीत बसू न देणारं ते स्विंग संगीत. दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा बँडच्या पहिल्या रेकॉर्डचं रेकॉर्डिंग ठरलं. त्या सकाळी मावशीने काकांच्या डाव्या बुटाच्या टाचेला पोलादी पट्टी ठोकून दिली. शेवटचा खिळा तिरका गेला, पुरता बसेना. काकांना घाई होती. “संध्याकाळी आलात की बसवून देते,” ती म्हणाली.

काका ट्रॉम्बोनची पेटी घेऊन गेले ते गेलेच. बँडवाले म्हणाले, तो रेकॉर्डिंगला आलाच नाही. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की पळून गेला, आणि एकटा काही गेला नसणार. मावशीनेही तेच धरलं. तेव्हापासून प्रत्येक खिळ्यावर हातोडी घालताना ती “मेला कुठला!” म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, खिळे ठोकताना असंच म्हणायचं असतं.

यंदा त्या बँडच्या जुन्या रेकॉर्डचा रीमास्टर केलेला संच बाजारात आला. खरखर काढून, आवाज धुऊनपुसून. मी दोन घेतले, एक मला आणि एक मावशीला. तिचा राग नवऱ्यावर होता, बँडवर नव्हता. दुपारी दुकानात शांत होतं, म्हणून मी तो तिथेच लावला.

त्या दिवशीच्या पहिल्या रेकॉर्डमधल्या तिसऱ्या धुनेत सगळा बँड एकदम थांबतो आणि डबल बास, ते माणसाएवढं तंतुवाद्य, एकटाच चालत राहतो. आजवर तिथे नुसती खरखर ऐकू यायची. आता तिथे कुणाचा तरी पाय ठेका धरत होता. टक्. टक्. आणि प्रत्येक टक्‌च्या मागे बारीकसं झिर्र.

मावशीची हातोडी वरच राहिली. “परत लाव.”

मी परत लावली.

“पट्टीचा एक खिळा सैल आहे,” ती म्हणाली. मग हळूच, “माझा खिळा आहे तो.”

“मावशी, वीस माणसं होती तिथे. कुणाचाही पाय असेल.”

“वीसही जणांचे बूट मीच ठोकायचे. मला नको शिकवूस.” आणि मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. “म्हणजे कामावर गेले होते रे ते. मला टाकून नव्हते गेले.”

घरी जाऊन मी माझा संच लावला. झिर्र त्यातही होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बँडच्या ड्रमरकडे गेलो. त्याला सगळे दणक्या म्हणायचे. बँडमधला तो एकटाच उरलाय, लेकीकडे असतो. हात आता इतके थरथरतात की चहाचा कप तीच धरते. मी तिसरी धून लावली. बँड थांबायच्या जरा आधी तो म्हणाला, “बंद कर. पुढचं नको.”

“भाऊजी, हे तिथे होते,” मावशी म्हणाली. “खोटं का बोललात?”

“खोटं नाही, वहिनी. त्याची खुर्ची माझ्या पुढ्यातच होती. शेवटपर्यंत रिकामी होती.”

“मग हा पाय?”

“वाजवताना सगळ्यांनी ऐकला. खाली बघायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी ठेका कधी नव्हे इतका पक्का बसला. पुढे रेकॉर्ड आली, तर खरखरीत काही ऐकूच येईना. वाटलं, सुटलो.”

“मला सांगायचंत.”

“काय सांगणार होतो, वहिनी? नवरा आला नाही, पण त्याचा पाय आला?”

मी घाईघाईने संच उचलला. मावशी मात्र शांत होती. “वाटेतच काहीतरी झालं असणार त्यांचं,” ती जिना उतरताना म्हणाली. “आणि तरी कामावर गेले. असेच होते.” कुठे झालं, कसं झालं, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

संध्याकाळी तिने दुकानाचं शटर ओढलं नाही. उलट्या पावलासारखी बूट चढवून ठोकायची लोखंडी ऐरण पुढे घेतली, डबीतून एक नवा खिळा निवडला आणि तिसरी धून लावायला सांगितली.

“तू जा आता.”

“मी बसतो ना, मावशी.”

“जा म्हटलं ना! संध्याकाळी या म्हणून मीच सांगितलं होतं.”

मी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. बँड थांबला. डबल बास एकटाच चालू लागला. मग मावशीचा आवाज आला, गिऱ्हाइकांवर खेकसते तो. “किती उशीर हा! पाय पुढे करा.” आणि हातोडीचा एकच घाव. त्याच्याबरोबर शिवी नव्हती. मी आत डोकावलो नाही. खरं सांगायचं तर तिथून पळालोच.

सकाळी ती नेहमीसारखी एका गिऱ्हाइकाची हजेरी घेत होती. मी दारातूनच परत फिरलो. घरी येऊन मी माझा संच काढला. तो घराबाहेर कधी गेलाच नव्हता. तिसरी धून लावली. बँड थांबला.

टक्. टक्. टक्.

मी स्पीकरला कान लावला, पुन्हा पुन्हा ऐकलं. झिर्र कुठेच नव्हतं. खिळा पुरता बसला होता.