खरवडलेला डाग

डिचोलीच्या आमच्या स्टुडिओत पाटीवर फोटोंचे तीन प्रकार लिहिलेले होते: पासपोर्ट, स्थळाचा, ग्लॅमर. तिसरा वडिलांनी भीतभीतच लिहिला होता. ग्लॅमर म्हणजे फार काही नव्हतं. खांदा तिरका, हनुवटी वर, दिवा एका बाजूला, आणि मान पूर्ण दिसायला हवी. स्थळाच्या फोटोला मुलगी दुसऱ्यांसाठी बसायची, या फोटोला स्वतःसाठी. त्यामुळे फार थोड्या यायच्या.

त्यात माझी शाळेतली मैत्रीण होती. वय वीस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाते, असं घरी सांगून ती आली होती. तिच्या मानेवर कोडाचा डाग होता, चिंचोक्याएवढा. तो कायम पदराखाली असायचा. त्या दिवशी मात्र तिनं केस स्वतःच वर बांधले आणि बसली.

निगेटिव्हवरचं काम तेव्हा मी करत असे आणि त्याची वही ठेवत असे. रकाने ठरलेले: नंबर, काय काढले, कशाने, कोणी सांगितले. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळा तीळ तिथं कोरा दिसतो, तो पेन्सिलीनं भरायचा. पांढरा डाग काळा दिसतो, तो सुरीच्या टोकानं खरवडायचा. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. तिचा डाग मी खरवडला. काम इतकं सफाईचं झालं की वडिलांनी भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. ती फोटो न्यायला आली तेव्हा तिनं तो एकदा पाहिला, पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाली. आनंद झाला असेल असं मी धरून चालले.

आता स्टुडिओत पासपोर्ट आणि लॅमिनेशन, एवढंच चालतं. गेल्या वर्षी ती मैत्रीण मुलीला घेऊन आली. मुलीच्या मानेवर तसाच डाग, जवळपास त्याच जागी. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलनं जाहिरातीसाठी तिला निवडलं होतं, पण ते फोनवरच्या फोटोंवरून, आणि फोन कातडी आपोआप साफ करतो. आता त्यांना एक साधा फोटो हवा होता. मुलगी म्हणत होती, मी जातच नाही.

"आईला या वयात काही नव्हतं, मावशी," ती मला म्हणाली. "घरी फोटो आहे ना. तिचं नंतर आलं. लग्नबिग्न सगळं झाल्यावर."

"सांग गो हिला," मैत्रीण म्हणाली. "माझ्यावर नाही हिचा विश्वास, तुझ्या फोटोवर आहे."

मैत्रिणीला मूळ निगेटिव्ह हवी होती, म्हणजे मुलीला डाग दाखवता येईल. निगेटिव्ह मला दोन मिनिटांत सापडली, माझ्याकडे सगळं नंबरानं असतं. ती जनेलातल्या उजेडाशी धरली. मानेच्या जागी एक पातळ, चकचकीत ओरखडा, बाकी काही नाही. डाग होता याचा पुरावा आता फक्त वहीत होता. मी पान उघडून दिलं. मुलीनं बोट ठेवत वाचलं: मानेवरचा पांढरा डाग. सुरी. मग बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. तो कोरा होता.

"हे कोणी सांगितलं होतं काढायला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, बरं दिसेल."

मैत्रीण फोटोच्या पडद्याकडे बघत होती. "मी केस मुद्दाम वर बांधले होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलीनं थोड्या वेळानं पर्समधली क्लिप काढली, केस वर बांधले आणि स्टुलावर बसली. मी कॅमेऱ्यातल्या आणि कॉम्प्युटरमधल्या गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या सोयी एकेक करून बंद केल्या, दोनदा तपासल्या, मगच फोटो काढला. डाग दिसत होता तसाच आला. तिनं तोच पाठवला. चार दिवसांनी हॉटेलनं तिला बोलावलं. मैत्रिणीनं पेढे आणले, आणि मीही ते खाल्ले.

पावसाळा संपल्यावर म्हापशाहून पेडण्याला जाताना बसमधून मला त्या हॉटेलचा जाहिरातीचा फलक दिसला. रस्त्याच्या वळणावर, भला मोठा. तीच मुलगी, केस वर बांधलेले, खांदा तिरका, हनुवटी वर, आमच्या पाटीवरच्या तिसऱ्या प्रकारासारखीच. मान एकसारख्या रंगाची. फलक दिसेनासा होईपर्यंत मी मागे वळून डाग शोधत राहिले, उन्हामुळे दिसत नसेल म्हणून.

घरी पोचायच्या आत मैत्रिणीचा फोन. "परत तुझी सुरी?"

"माझी नव्हे गो."

मुलीनं हॉटेलात विचारलं होतं म्हणे. कोणी काढायला सांगितलं नाही, सगळ्यांचेच फोटो कॉम्प्युटर आपोआप साफ करतो, असं उत्तर मिळालं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मला ते उत्तर ओळखीचं वाटलं. तेव्हापासून मुलगी त्या रस्त्यानं जात नाही, दुसऱ्या रस्त्यानं लांबचा फेरा घेते.

परवा तिनं निरोप पाठवला: मावशीनं काढलेल्या फोटोची एक मोठी प्रत हवी, आईच्या फोटोशेजारी लावायला. प्रत काढून ठेवली आहे. वहीत नंबर घातला, "काय काढले" या रकान्यात रेघ ओढली. आईच्या फोटोशेजारी हा लागला की काय दिसेल, ते मला माहीत आहे: मुलीच्या मानेवर डाग, आईच्या मानेवर माझी सुरी. म्हणून पाकीट अजून माझ्याच टेबलावर आहे.