जंताच्या औषधाची पंगत

आमच्या घरी बकऱ्यांना जंताचं औषध पाजायचा मान मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. पावसाळ्यात नाल्याकाठचं कोवळं गवत खाऊन बकऱ्यांना हगवण लागली, की ते मालेगावहून तीच ती पांढऱ्या औषधाची बाटली आणत, अंगणात सगळ्यांना ओळीनं बांधत आणि बाटलीच्याच टोपणानं पाजत जात. दांडग्या बोकडाला एक टोपण आणि हातभर पिल्लालाही एकच टोपण. "पंगतीत भेद करू नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. शेजारीही माना डोलवत. अरे, ही काय लग्नाची पंगत आहे?

माझी कबरी इंझोरीहून, माहेरहून आलेली. सासरच्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. अंगानं थोराड, दोन पिल्लं पाजून वर आमच्या चहालाही दूध देणारी. गेल्या पावसाळ्यात ती वाळत चालली, मग जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागली. मामाजींनी एक टोपण पाजलं. फरक नाही. काही दिवसांनी पुन्हा एक.

"दवाईत पॉवरच नाही राह्यली. दुकानदार भेसळ करून राह्यला," असं म्हणत त्यांनी गावभर त्या बिचाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला.

शेवटी मीच कबरीला ऑटोत घालून मालेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी उलटून दाखवली. लाल हवी ती पांढरीफटक! जंतांनी रक्त पिऊन टाकलं होतं. त्या म्हणाल्या, औषध वजनावर द्यायचं असतं. मोठ्या बकरीला कमी पाजलं की कच्चे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात, मग त्यांचीच प्रजा वाढते आणि ती त्या औषधाला जुमानत नाही. त्यांनी दुसरं औषध दिलं, कबरीचं वजन करून किती पाजायचं ते सांगितलं. ज्यांच्या पापण्या लाल आहेत त्यांना उगाच पाजू नका, असंही बजावलं.

घरी येऊन मी शब्द न् शब्द सांगितला. मामाजींनी हूं हूं केलं. मी पाणी भरून येते तोवर त्यांनी ती नव्या औषधाची बाटली साऱ्या पंगतीला वाढून संपवली होती! कबरीच्या वाट्याला एक टोपण.

"मामाजी, तिले जास्त लागत होतं. वजन करून सांगतलं होतं डॉक्टरीणबाईनं."

"तिलेच कायले जास्त? तुह्या माहेरची हाय म्हून?"

कबरी त्याच आठवड्यात गेली. पिल्लं तिच्या थंड आचळांना ढुशा देत होती, आणि मामाजी ओट्यावर बसून सांगत होते की नवी दवाईबी भेसळीचीच निघाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या बकरीपुढे तरी माणसानं खोटं बोलू नये.

मी रडत बसले नाही. संध्याकाळी भाकरी थापल्या, ताटं वाढली. माझ्या तीन वर्षांच्या पोरीच्या ताटात चतकोर भाकर, मामाजींच्या ताटातही चतकोर. त्यांनी ती दोन घासांत संपवून ताट पुढे सरकवलं. मी टोपली झाकली.

"काहून वं? इतक्यानं माह्यं काय होते?"

"पंगतीत भेद करू नये, मामाजी. कबरीचंबी इतक्यानं झालं नाही."

आणि मी टोपली उघडली नाही.