वजूला चष्मा काढल्यावर

राजिवड्याच्या मोहल्ल्यात नसीमाला सगळे ‘चष्मेवाली’ म्हणत. चष्मा होताच तसा, उणे नऊ नंबरचा, सोड्याच्या बाटलीचं बूड बसवल्यासारखा. भाकरी टाकायला वाकली की वाफेने काचा पांढऱ्या होत. बाजारात मासेवाली चिडवी, “गो, सुरमई घेतेस की तिचा फोटो काढतेस?” नसीमाही हसे. पण वजूला, नमाजाआधी हात-तोंड धुताना, चष्मा काढावाच लागे, आणि तिथे तिचं हसू थांबे.

पहाटे फजरच्या नमाजाआधी ती पडवीच्या टोकाला मोरीशी बसे. चष्मा फळीवर ठेवला की हातभर अंतरापलीकडचं जग विरघळून जाई. आणि त्या धुक्यात, पडवीच्या कोपऱ्यात, तिचा नवरा गफूर बसलेला असे. पाठमोरा, मान खाली, जाळं सांधताना असायची तशी.

चार वर्षांपूर्वी मासेमारीची लाँच बंदराला परत आली, गफूर आला नव्हता. मय्यत सापडली नाही. कबर नाही, म्हणजे जाऊन फातिहा पढावी अशी जागाच नाही. नसीमाला हा कोपरा होता. चष्मा लावून बघितलं तर खुंटीवर त्याची पांढरी लुंगी, बस्स. म्हणून त्या वेळी ती चष्म्याला हात लावत नसे.

दोन हजार तीन साली तिच्या लेकीचं, उमैमाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा कुवेतला. पोरीला एकच घोर.

“अम्मी, मी गेल्यावर चष्मा खाली पडला तर तो शोधायला कुठला चष्मा लावशील? लेसर करून घे. अक्रममामू कधीचा मागे लागलाय.”

“तुझ्या मामूला सांग, आधी स्वतःच्या टकलाचं बघ.”

तरी पोरीने तिला कोल्हापूरला नेलंच. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी डोळे बघितले आणि परत पाठवलं. डोळे सुरम्याने भरलेले. गफूरने जेद्दाहून आणलेली सुरमादाणी, त्याचीच सळई. ती रोज फिरवायची सवय.

परतीच्या एसटीत उमैमा फुगून बसली होती. “मुद्दाम लावलास ना?”

“जुम्मा होता गो.”

“जुम्मा काल होता.”

नसीमा खिडकीतून आंबा घाट बघत राहिली. मुद्दाम की सवयीने, तिचं तिलाही सांगता येईना.

दुसऱ्या खेपेला सुरमा नव्हता. डॉक्टरांनी बुबुळाची जाडी मोजली, बाहुली मोठी करून आतून पडदा तपासला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “बाई, करता येईल, पण काठावरचं आहे. नंबर मोठा आहे. काहींचे डोळे नंतर कोरडे पडतात, रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच. आणि चष्म्याने तुम्हाला नीट दिसतंय, तेव्हा ही गरज नाही. तुम्हाला स्वतःला हवं असेल तरच करू.”

“मग चष्म्याबिगर सगळं साफ दिसेल? पहाटे उठल्या उठल्या पण?”

“दिसेल की. त्यासाठीच तर करायचं.”

नसीमाने चष्मा डोळ्यांवर घट्ट बसवला. उमैमा बघत होती म्हणून तिने तारीख तेवढी घेतली.

घरी आल्यावर, कांदा चिरता चिरता, तिने लेकीला कोपऱ्याचं सांगून टाकलं. उमैमाने तिच्या हातातली सुरी काढून घेतली. मग हळूच म्हणाली, “अम्मी, ती अब्बांची लुंगी आहे.”

“मला ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय गो? ठाऊक आहे म्हणून तो यायचा थांबतो होय?”

दुसऱ्या पहाटे नसीमाने चष्मा काढला आणि कोपरा रिकामा. नुसता अंधूक अंधार. ओल्या हातांनीच चष्मा चढवून बघितलं, खुंटी उघडी. नमाजात कितवी रकात, कितवं आवर्तन चाललंय ते तिला आठवेना. चार वर्षं तो परतला नव्हता एवढंच. आज तो बुडाला.

उमैमा दारात उभी होती. “मी धुऊन पेटीत ठेवली, अम्मी. तुझ्या भल्यासाठी...”

नसीमा रागावली नाही. पेटी उघडून लुंगी काढली, नाकाशी नेली. साबणाचा वास, खारा वास गेलेला. चष्मा लावून, एकेक घडी डोळ्यांनी बघत, तिने ती आपल्या हाताने खुंटीला लावली. नमाज परत पढायची होती; मग पुन्हा वजूला मोरीशी बसली.

“उमैमा, त्या डॉक्टरला फोन कर. नको म्हणावं.”

“कारण काय सांगू?”

“सांग, बाईला नको आहे. तोच म्हणाला ना, हवं असेल तरच.”

तिने चष्मा काढला. आधी नुसतं पांढरं. मग मान आली, खांदे आले. पण या खेपेला तो पाठमोरा नव्हता. तोंड तिच्याकडे होतं. नाक-डोळे मात्र कळत नव्हते. ते बघायला चष्मा लावावा लागला असता.

तिचा हात फळीपर्यंत गेला. मग तिने तो मागे घेतला आणि तांब्या उचलला.