शीबाईने पास केलेली जागा

घोडे घेऊन मुक्कामाला जायचं म्हटलं की माणसं आधी डोंगर बघतात, मग तळं बघतात, मग फोटो कुठून बरा येईल ते बघतात. घोडा कुठे उभा राहणार, काय पिणार, कशावर पाय देणार, याची फिकीर करणारी सगळ्या घोडेस्वार मंडळात एकच बाई होती. तिला शीबाई म्हणायचे, आणि तेही मागून नव्हे, तोंडावर. जागा कुठलीही असो, तिथे पाय ठेवला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा 'शी!', आणि दुसराही बहुतेक तोच.

धंदा तिचा खोगिरं दुरुस्त करायचा. गल्लीच्या टोकाला, सायकलवाल्याच्या शेजारी दहा बाय आठची खोली. भिंतीला लगाम, खुंटीला पट्टे, मधे लाकडी घोडीवर कुणाचं ना कुणाचं उसवलेलं खोगीर, आणि त्यावर दाभण घेऊन वाकलेली ही. खोगीर उलटं केलं की खाली घामाचा थर, त्यात चिकटलेले केस, कडेला बुरशी. "स्वतः अत्तर लावून हिंडता आणि मुक्या जनावराच्या पाठीवर हा उकिरडा ठेवता? शी!" असं ती गिऱ्हाइकाला सुनवायची. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं. तिच्या शिवणीने घोड्याची पाठ कधी सोलली नव्हती, मग न ऐकून करतं काय!

मंडळ म्हणजे वीसेक हौशी माणसं. वर्षातून एकदा दोन दिवसांची फेरी, मधे एक मुक्काम, आणि मुक्कामाची जागा शोधायचं काम शीबाईचं. ती स्कूटरवरून आधी जाऊन यायची. बरोबर एक बादली, एक वही आणि जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं वाटीएवढं लोहचुंबक. त्याला दोरी बांधून ती ते जमिनीवरून ओढत नेई. जमिनीत खिळा, तार, पत्र्याचा तुकडा जे असेल ते त्याला चिकटून वर येई. जागा बरी निघाली तर वहीत 'पास', नाहीतर 'नापास'. गेली दोन वर्षं वहीत नुसते नापासच होते, आणि म्हणून फेरीही झाली नव्हती.

यंदा तिने अकरा जागा बघितल्या. पहिल्या कॅम्पच्या फाटकावर हातभर पाटी, 'घोड्यांचे स्वागत'. आत जाऊन बघते तर मोटारी लावायचा सिमेंटचा चौथरा आणि त्यावर अंथरलेलं हिरवं प्लॅस्टिकचं गवत. तिने ते चिमटीत धरलं. "हे घोड्याने खायचं?"

"मॅडम, दिसायला अगदी खरं आहे," मॅनेजर म्हणाला.

"दिसायला तर तुम्हीही शहाणे आहात," असं म्हणून ती स्कूटरवर बसली.

दुसऱ्या ठिकाणी तळं होतं. तिने बादलीभर पाणी काढलं, पंधरा मिनिटं थांबून तळाला काय बसतं ते बघितलं आणि मग नाक लावलं. पाण्यावर हिरवी साय धरलेली, आणि त्या सायीवर कुणाच्या तरी बाळाचं डायपर फुगून तरंगत होतं. मालक दात कोरत म्हणाला, "जनावराला काय कळतंय हो?" तिला किळस आली. "कळतं म्हणूनच ते पाण्यात घाण करत नाही," ती म्हणाली आणि बादली त्याच्या अंगणात पालथी केली.

तिसरी जागा म्हणजे नुसती हिरवळ, बघत राहावी अशी. पण तिथे समारंभांचे मांडव पडायचे. चुंबक तीनदा ओढल्यावर मूठभर गंजके खिळे निघाले. ते तिने मालकाच्या चहाच्या बशीत ओतले. पुढच्या आठ जागांचं काय सांगावं! कुठे काटेरी तार, कुठे मोकाट कुत्री, कुठे घोडे बांधायच्या जागेवरच माणसांनी उरकलेले विधी. शी, शी आणि शी!

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी शेवटी दुकानात येऊन निर्वाणीचं सांगितलं. "या रविवारपर्यंत जागा नाही मिळाली तर यंदाही फेरी नाही. आणि यंदा नाही तर कधीच नाही. लोक घोडे विकायला लागलेत, बाई. तुम्हाला स्वर्गात जागा दाखवली तरी तुम्ही तिथेही नाक मुरडाल."

"स्वर्गातसुद्धा माणसंच राहत असतील ना? मग मुरडणारच," ती म्हणाली.

या सगळ्यात एकच माणूस तिच्यावर चिडत नव्हतं, ते म्हणजे तिची थोरली बहीण. ताई शाळेच्या कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेली. सात वर्षांपूर्वी तिची तांबडी घोडी फेरीच्या मुक्कामावर मेली, तेव्हापासून ताई फेरीला आली नव्हती. मग दोन वर्षांपूर्वी तिने हिंमत करून करडी नावाची घोडी घेतली आणि तिच्या डोक्यात परत फेरीचं वेड शिरलं. दर आठवड्याला ती दुकानात येई, स्टुलावर टेकून गुडघे चोळी आणि म्हणे, "तू हो म्हण गं, की मी निघाले. तुझं नाक आहे म्हणून मी निर्धास्त आहे. पण यंदाच हं. पुढच्या वर्षी हे गुडघे रिकिबीत चढतील असं वाटत नाही."

हे ऐकलं की शीबाईला किळस यायची. डायपर तरंगणारं पाणी बघून आली तशीच, पण ही बादलीतल्या पाण्याची नव्हती, स्वतःची होती.

सात वर्षांपूर्वीची ती जागा तिनेच पास केली होती. सगळं ठीक होतं, फक्त घोडे बांधायच्या झाडांमागे कण्हेरीचं कुंपण होतं. कण्हेर म्हणजे घोड्याला विष, हे तिला ठाऊक होतं. मॅनेजरला तिने ठणकावून सांगितलं, "ही कण्हेर तोडा, तरच पास." त्याने तोडली. पण तोडून न्या, असं ती म्हणाली नव्हती, म्हणून त्याने ती झाडांखालीच ढीग करून ठेवली. उभी कण्हेर कडू जहर. घोडा सहसा तिला तोंड लावत नाही. पण तोडलेली वाळते, वाळली की कडूपणा उतरतो आणि विष तेवढंच राहतं. फेरी पोहोचेपर्यंत ढीग चांगला वाळला होता, आणि पोहोचायला अंधार झाल्याने तो कुणाच्या नजरेत आला नाही. पहाटे शीबाई उठली तेव्हा तांबडी आडवी झाली होती, तोंडात दोन पानं होती. ताई अजून तंबूत झोपलेली. ताईला हाक मारायच्या आधी शीबाईने तिथल्या माळ्याला गाठलं आणि तो ढीग, तोंडातल्या दोन पानांसकट, खड्ड्यात पुरायला लावला. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, काहीतरी विषारी खाल्लं असणार. काय, ते कुणाला कळलं नाही. जिला कळलं होतं ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

तेव्हापासून तिला कुठलीच जागा धड दिसेना. आणि करडी आल्यापासून तर 'पास' लिहायला हातच उचलेना.

रविवारी बाराव्या जागेला ताई स्वतः निघाली. जीपमागे घोड्याची गाडी जोडून तिने करडीलाही घेतलं. "जागा करडीलाच दाखवू," ती म्हणाली. "तुझ्या नाकाला तेवढीच मदत."

फाटकाशी पोहोचल्या तेव्हा शेणाचा असा भपकारा आला की ताईनेही पदर नाकाला लावला. पत्र्याची शेड, एका बिजागरीवर लोंबकळणारं संडासाचं दार, चुलीवर काळीकुट्ट किटली, आणि तिच्याशेजारी बसून खाकरणारा म्हातारा मालक. त्याने खाकरून बाजूला थुंकलं, बाही तोंडाला पुसली आणि तोच हात पुढे केला. "चहा घेणार?"

"शी!" शीबाई म्हणाली. "नको."

"नका घेऊ. घोडी आत घ्या," म्हातारा म्हणाला.

माणसांसाठी जागा भिकार होती, यात वाद नव्हता. पण शेणाचा ढीग पाण्यापासून लांब, उतारावर होता. हौद घासलेला होता, इतका की तळाचा दगड दिसत होता. झाडांमध्ये घोडे बांधायचा दोर डोक्याच्या वर ताणलेला, पायात न अडकेल असा. करडीने हौदाला तोंड लावलं आणि सावकाश, डोळे मिटून, ती पोटभर पाणी प्यायली. शीबाईने चुंबक आठ वेळा ओढलं. एक टाचणीसुद्धा आली नाही. तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने गवत विंचरू लागली.

"सापडलं काही?" ताईने ओंडक्यावर बसल्या बसल्या विचारलं.

"नाही."

"मग लिही की पास."

"बघू दे अजून."

"अगं, तास झाला! म्हातारा कंटाळला, घोडी कंटाळली. आता काय जमिनीच्या पोटात शिरणार आहेस?"

कुंपणाजवळ तिला माती खालीवर केलेली दिसली. हातभर अंतरावर एक, असे बुजवलेले खड्डे ओळीने गेले होते. मनातून तिला बरं वाटलं, की सापडलं एकदाचं काहीतरी. "काका, इथे काय होतं?"

म्हातारा काठी टेकत आला. "कण्हेर. जागा घेतली तेव्हा पन्नासेक झाडं होती. मुळासकट उपटली, गाडीत भरली आणि लांब नेऊन पुरली. जाळलीसुद्धा नाहीत, धूरही वाईट. मग आठ दिवस बसून हाताने पानं वेचली."

"एवढा खटाटोप?" ताई म्हणाली. "कण्हेर कडू असते हो, घोडा तिला तोंड लावत नाही."

"ओल्या कण्हेरीला नाही लावत. मी पण तेच समजत होतो." म्हातारा परत थुंकला, पण या वेळी जिभेवर काहीतरी आल्यासारखा. "आधी मी एका कॅम्पवर माळी होतो. एक बाई जागा बघायला आली, कण्हेर तोडा म्हणाली आणि गेली. साहेबाने तोडायला लावली, मी तोडली. उचलून न्या असं कोण म्हणालं नाही, म्हणून मी नेली नाही. वाळलेली खाऊन घोडी मेली. तांबडी होती, कपाळावर चांदणी. तिच्या तोंडातली पानं अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत माझ्या. तीच बाई सकाळी धावत आली आणि म्हणाली, ढीग पुरून टाक, कुणाला सांगू नकोस. मी पुरला. असली माणसं! आणि मीही त्यांतलाच. महिन्याभरात नोकरी सोडली."

ताई ओंडक्यावरून उठली. गुडघ्यांना हात न लावता उठली.

"कोण बाई?" तिने विचारलं.

"नाव नाही ठाऊक. जागा बघायला आली तेव्हा हेल्मेट घातलेलं, तोंडाला रुमाल; आणि त्या पहाटे धड उजाडलंही नव्हतं. तुमच्या मंडळाचीच असणार कुणीतरी."

म्हातारा हे शीबाईकडे बघूनच सांगत होता, आणि त्याला ती ओळखू येत नव्हती. सात वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. तिलाही तो माळी आत्ता, हे ऐकल्यावरच ओळखू आला. ती नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. वहीत 'पास' लिहायचं, घरी जायचं, फेरी, ताई, करडी, सगळं सुरळीत. आजवर गप्पच तर बसली होती. पण हात अजून मातीत होता, त्या बुजवलेल्या खड्ड्यावर, आणि तोंडाला अशी कडू चव आली की ती गिळवेना.

"ती बाई मीच," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. करडी शेपटीने माशा हाकत होती.

"ढीग तू पुरायला लावलास?" ताईने विचारलं.

"हो."

"मला उठवायच्या आधी?"

"हो, ताई."

"तू मला म्हणाली होतीस, दोर आखूड बांध," ताई सावकाश बोलू लागली. "मी लांब बांधला. म्हटलं, दिवसभर चाललीय बिचारी, जरा फिरू दे. मग ती मेली आणि मला वाटलं, दोर लांब होता म्हणून कुठेतरी जाऊन तिने काहीतरी खाल्लं. मीच मारली तिला. सात वर्षं रोज सकाळी उठले की पहिला तोच दोर आठवतो. आणि तुला हे सांगितलं नाही. का, ठाऊक आहे? तू जागा पास केली होतीस. माझ्या चुकीचा बोल तुझ्या नाकाला लागायला नको, म्हणून."

"ताई..."

"शी," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली असेल, आणि तेही हळू, जवळजवळ स्वतःशी. शीबाईने आजवर हजार वेळा वापरला होता तो शब्द. लागतो कुठे, ते तिला त्या दिवशी कळलं.

म्हातारा किटलीकडे निघून गेला. शीबाईने वही उघडली, पेन काढलं आणि तशीच उभी राहिली. "जागा चांगली आहे गं," ती म्हणाली. "खरंच चांगली आहे. पास."

ताईने वहीकडे बघितलं नाही. करडीचा दोर तिने हाताला दोन वेढे देऊन आखूड धरला, आणि कुंपणाच्या टोकापासून चालायला लागली, एका वेळी एक पाऊल, नजर जमिनीवर. थोडं पुढे जाऊन कुंपणाला धरून ती वाकली. गुडघे कटकन वाजलेले शीबाईला इथवर ऐकू आले. ताईने एक लांब, निमुळतं वाळलेलं पान उचललं.

"बांबूचं आहे ते, ताई," शीबाई मागून म्हणाली. "चालतं."

ताईने मागे वळून पाहिलं नाही. तिने पान चुरगळलं, स्वतःच्या नाकाशी नेलं आणि बराच वेळ हुंगलं. मग ते टाकून ती पुढच्या पानाशी वाकली.