टाळीची शिकार

बारामतीहून हरणाच्या शिकारीला निघालो तेव्हा माझ्याजवळ एक स्कूटर होती, अम्मीने बांधून दिलेला भाकरीचा डबा होता आणि मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची भाची सना होती. बंदूक नव्हती. आमच्या घराण्यात हरणाची शिकार टाळीने होते.

माझे पणजोबा एका बड्या जमीनदाराकडे हाकाऱ्या होते, म्हणजे रान उठवून जनावर बंदुकीसमोर आणून द्यायचं हे त्यांचं काम. एकदा ते झुडपाआड दबा धरून बसलेले असताना एक चिंकारा (आपल्या माळावरचं लहानसं हरीण) चरत चरत इतकं जवळ आलं, की त्याच्या तोंडावरचा पांढरा पट्टा त्यांना स्पष्ट दिसला. मागे मालक नेम धरून बसलेला. पणजोबांनी काय करावं? टाळी वाजवली. हरीण पसार, गोळी मातीत आणि पणजोबांची नोकरी त्याच मातीत. घरी आल्यावर त्यांच्या आईने त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

तेव्हापासून आमच्या घरात पोर सहा-सात वर्षांचं झालं की हिवाळ्यात त्याला माळावर न्यायचं. हरणाच्या तोंडावरचा पट्टा दिसेल इतकं जवळ जायचं आणि एकदाच टाळी वाजवायची. हरीण पळालं की शिकार झाली. घरी आल्यावर तळहातावर गूळ. अब्बांची टाळी झाली, माझ्या धाकट्या बहिणीची, नसीमची, पहिल्या फेरीतच झाली. सगळ्या घराण्यात बिनटाळीचा एकच माणूस आहे. तोच तुम्हाला हे सांगतो आहे.

त्याचं असं झालं, की माझ्या पाळीच्या दिवशी सात वर्षांचा मी आमच्या अत्तराच्या दुकानातल्या झाडून सगळ्या बाटल्या अंगावर उपड्या करून नवरदेवासारखा निघालो होतो. त्या दिवशी हरणांनी बहुधा तालुकाच सोडला. पुढे मोठेपणी दोन-तीनदा जाऊन पाहिलं, पण तोवर दुकान माझ्या कातडीतच मुरलं होतं.

पोरांना न्यायचं काम आजवर अब्बांचं. यंदा त्यांचे गुडघे बसले ते बसलेच. नसीमच्या नवऱ्याची बदली झाली आहे; शाळा संपली की ते सगळे इथलं, बारामतीला लागूनच असलेलं जळोचीचं घर सोडून दूर जाणार. म्हणजे सनासाठी हाच एक हिवाळा. आणि नेणारा मी.

"तू?" अम्मी म्हणाली, आणि पदरात तोंड घालून हसत आत गेली.

अब्बा हसले नाहीत. "न्हेणारा दुसरा हाय कोण?" ते म्हणाले. "ह्यानं न्हाय न्हेलं तर माझ्यासंगंच संपलं म्हणायचं."

त्या एका वाक्याने मी हट्टाला पेटलो. आठवडाभर अत्तराला बोट लावलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, बाटली तुम्ही उघडा, वास तुम्ही घ्या, मी लांब उभा राहतो. अंघोळ बिनसाबणाची. बायकोने त्याबद्दल जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

सकाळी उन्हं वर यायच्या आत जळोचीला गेलो. सना कानटोपी घालून दारातच उभी होती. तिने आधी मला हुंगलं.

"पास," ती म्हणाली आणि मागे चढून बसली.

इंदापूरच्या रस्त्याला लागलो तसा गारठा बाहीतून शिरायला लागला. साखर कारखान्यांचा हंगाम होता. पुढे दोन दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्ठ्याने गाणी, आणि त्याच्या मागे आम्ही, अंगावर उसाची पाचट झेलत. लासुर्ण्यात थांबून चहा घेतला. टपरीवर चार-पाच ट्रॅक्टरवाले हात शेकत बसले होते. एकाने सनाला विचारलं, "काय बाय, कुठं निघाली सवारी?"

"हरणाची शिकार करायला!" सना खणखणीत आवाजात म्हणाली.

मफलरवाल्या एका म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पावणं, हरणाला हात लावला तर आत टाकत्यात. जामीनसुदिक लवकर हुत न्हाय."

"आबा, हात लावायचा नाही, हात वाजवायचा," मी म्हणालो आणि पणजोबांपासून सगळी कथा साभिनय सांगितली. जमीनदाराच्या मिशा मी जरा जास्तच मोठ्या केल्या. टपरी खूश झाली. म्हाताऱ्याने मात्र एकच प्रश्न केला.

"आन् तुमची टाळी कधी वाजली?"

मी चहा संपवला.

"मामूची वाजलीच नाही," सनाने माहिती पुरवली.

आम्हाला जायचं होतं ते लासुर्ण्याच्या पुढे, माळाच्या कडेला असलेल्या एका वस्तीवर. अब्बांच्या जुन्या दोस्ताची ती जमीन. दोस्त आता नाही, त्याची सून सुंदराअक्का सगळं बघते. डांबर संपलं, मग खडी संपली, मग रस्ताच संपला. उसाची हिरवी भिंत मागे पडली आणि समोर एकदम माळ उघडा झाला: वाळलेलं पिवळं गवत, मधूनच हिवराचं एखादं झुडूप आणि वर नुसतं आभाळ. कालव्याचं पाणी इथवर येत नाही. माळाला लागूनच अक्काचा हरभऱ्याचा पट्टा होता, आणि बांधावर अक्का पत्र्याचा डबा नि काठी घेऊन उभी होती.

मी यायचं कारण सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"हितं मी रोज डबा बडवून बडवून हरणं हाकलती, आन् तुमी मुद्दाम हाकलायला बारामतीवरनं आलाय व्हय? हाकला की! तेवढंच माजं रान वाचंल." मग तिने हवेत हुंगलं. "पर दादा, लगीन हाय का कुठं?"

"वास येतोय?" मी घाईने बाही हुंगली.

"ग्वाड येतोय. पर हरणाला न्हाय आवडायचा."

तिने झोपडीतून एक घोंगडी आणून माझ्या अंगावर टाकली. तिच्या मेंढ्या हिवाळाभर त्या घोंगडीवरच निजत असाव्यात. सनाने आधी नाक चिमटीत धरलं, मग टाळ्या पिटल्या. या टाळ्या शिकारीत धरायच्या नसतात.

पहिला डाव आम्ही लगेच लावला. हरभऱ्याच्या पलीकडच्या टोकाला चार हरणं चरत होती. अब्बांचं शिक्षण माझ्या पाठ होतं: चिमूटभर माती सोडून वारा बघायचा आणि तो तोंडावर घ्यायचा. हरणाची मान खाली असेल तेवढ्यातच सरकायचं. शेपटी हलली की ते मान वर करणार, तेव्हा दगड व्हायचं. आम्ही बांधाच्या आडोशाने वाकून निघालो. सना उत्तम दगड होत होती. तिची आई अशीच दगड झाली होती असं अब्बा सांगत, ते मला आठवलं, आणि आठवलं म्हणून मी ते तिला कुजबुजून सांगितलं. मग त्या वेळी अब्बांची टोपी कशी बाभळीला अडकली तेही सांगितलं. मग टोपी काढताना अब्बा काय म्हणाले ते.

चार हरणं, चार उड्या आणि रिकामा हरभरा.

सना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामू, तू फार बोलतोस."

"गोष्ट चांगली होती पण."

"घरी सांग ना. इथं मला हरीण पाहिजे." तिने एक ढेकूळ लाथाडलं. "आम्ही जाणार मग मला कोण आणणार?"

मी तिची कानटोपी सारखी केली.

दुपारी अक्काने काट्याकुट्यांवर हुळा (आगीत भाजलेला ओला हरभरा) भाजला. राखेतून गरम घाटे वेचून, बोटं काळी करत आम्ही ते खाल्ले, त्यावर अम्मीची भाकरी नि वांग्याचं भरीत. अक्का म्हणाली, उन्हं कलली की हरणं पुन्हा येतील. मी सनाला आता तरी सांगू का म्हणून विचारलं. तिने परवानगी दिली. मग मी तिला टोपीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. तिची आई टाळी वाजवून झाल्यावर हरणापेक्षा जोरात पळाली होती, हेही सांगितलं. सना इतकी हसली की अक्काही डबा वाजवायचा विसरली.

उन्हं कलली. एकटंच एक हरीण आलं, शिंगांवर वळ्या असलेला मोठा नर. मी सनाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी काय करावं? हरभऱ्याचे ओले घाटे मूठभर तोडले आणि सालीसकट तोंडात कोंबले. दोन्ही गाल फुगले. आता मनात आलं तरी बोलता येणार नव्हतं. सनाने मान डोलावली: पास.

आम्ही रांगत निघालो. मान खाली, सरकलो. शेपटी हलली, थांबलो. घोंगडी मानेला टोचत होती, गुडघ्याखाली ढेकळं रुतत होती. बांधाचं टोक जवळ आलं तेवढ्यात सना जागीच ताठ झाली. तिच्या उजव्या तळहातात हिवराचा काटा आरपार म्हणावा असा घुसला होता. डोळ्यांत पाणी टच्चकन आलं, पण तोंडातून आवाज नाही. मी काटा उपटला. रक्त आलं. खिशात हात घातला तर अम्मीने ठेवलेला इस्त्रीचा रुमाल. तो तिच्या तळहातावर गच्च बांधला आणि गाठ मारता मारता मला वास आला.

खस, म्हणजे वाळा. अम्मी कपड्यांच्या कपाटात खसाच्या अत्तराचा फाया ठेवते. आठवडाभर मी माझ्या अंगाची राखण केली होती. कपाटाची कोण करणार?

वारा अजून तोंडावर होता. मी खुणेने विचारलं, परत जायचं? सनाने जोरात मान हलवली आणि ती पुढे सरकली, कोपरांवर, बांधलेला हात छातीशी धरून.

बांधावरून आम्ही डोकी वर काढली तेव्हा हरीण समोर होतं. त्याच्या डोळ्यापासून नाकापर्यंत उतरत गेलेला पांढरा पट्टा. एवढी वर्षं मी तो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. मला वाटलं होतं खडूने ओढल्यासारखा असेल. तो तर दुधाचा ओघळ सुकावा तसा होता. त्याचा जबडा हलत होता, हरभरा चावत होता. माझाही.

तेवढ्यात माझ्या मानेवर गार झुळूक लागली. वारा फिरला होता.

हरणाने मान वर केली. नाकपुड्या फुलल्या. पुढचा पाय त्याने जमिनीवर आपटला आणि शिंकल्यासारखा आवाज काढला. सनाने हात उचलले आणि टाळी वाजवली. रुमालावर हात पडला. फुस्स. उशी थोपटल्यासारखं. हरीण आमच्याकडे बघत राहिलं. बहुधा त्यालाही कळेना की हे काय आहे.

सनाने माझ्याकडे पाहिलं नाही. हरणावरची नजर न काढता तिने डावा तळहात माझ्यापुढे धरला, ताठ.

माझं तोंड भरलेलं होतं. बोलता आलं असतं तर मी नक्की काहीतरी बोललो असतो, नियम काढला असता, तेवढ्यात हरीण गेलं असतं. मी माझा उजवा हात उचलला आणि तिच्या हातावर मारला.

चटाक!

हरीण हवेत उचललं गेलं. एक उडी, दुसरी, मग पिवळ्या गवतात पांढरा ठिपका आणि मग नुसतं गवत. लांबून अक्काचा आवाज आला, "गेलं गं बया, गेलं!"

मी घाटे थुंकले आणि ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. सना म्हणते, मी "वाजली!" असं ओरडलो.

बारामतीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. सना स्कूटर थांबायच्या आत उतरली. "नाना, वाजली!"

"कुणाची?"

सना थबकली. मी घोंगडीसकट उभा होतो. अक्काने ती परत घेतलीच नव्हती, धुऊन धाडा म्हणाली होती. मी सगळी हकीकत सांगितली, आणि अब्बांना ठाऊक आहे की मी सांगतो तेव्हा किती वजा करायचं. रुमालाचं कळल्यावर त्यांनी अम्मीकडे पाहिलं. अम्मीने छताकडे.

"अर्धी हिची, अर्धी ह्याची," अम्मी म्हणाली. "असली टाळी आजवर कुणी धरली न्हाय. गूळ कुणाला द्यायचा?"

सनाचा चेहरा पडला. माझाही पडला असावा, कारण अब्बा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"हरीण पळालं का?"

"पळालं," आम्ही दोघं म्हणालो.

"मग पुरी हाय." ते अम्मीकडे वळले. "ज्या हातानं वाजली त्या हातावर गूळ. आन, दोन खडे आन."

सनाने डावा तळहात पुढे केला. शेजारी मी उजवा. अम्मीने आधी तिच्या हातावर खडा ठेवला, मग माझ्या. आणि माझी मूठ तिने स्वतःच्या हाताने मिटवली, जशी लहान पोराची मिटवतात, खडा पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. रोजच्या गिऱ्हाइकाने काउंटरवर ओणवं होत हुंगलं. "काय शेठ, आज कायतरी न्यारंच लावलंय. मेंढीचा वास हाय, आन् गुळाचा. नवीन माल का?"

मी तळहात त्याच्या नाकाखाली नेला आणि लगेच मागे घेतला.

"हा विकायचा नाही," मी म्हणालो. "बसा, सांगतो."